कुमामोन: सरकारी नोकरीला लागलेलं अस्वल

पहिली गोष्ट म्हणजे कुमामोतोत अस्वलं नाहीत. जपानच्या ज्या क्युशू बेटावर हे कुमामोतो आहे तिथली काळी अस्वलं केव्हाच संपलीयत, २०१२ साली सरकारने तसं अधिकृतपणे जाहीरही करून टाकलं. अस्वल उरलंय ते फक्त नावात. 'कुमा' म्हणजे अस्वल, आणि ते अक्षरसुद्धा मूळचं नाही, कातो कियोमासा नावाच्या सरदाराने १६०७ च्या सुमारास तिथे मोठा किल्ला बांधला तेव्हा उच्चार तोच ठेवून आधीचं अक्षर काढलं आणि अस्वलाचं घातलं, दमदार वाटतं म्हणून. त्यानंतर चारशे वर्षांनी त्याच नावावरून कुमामोन नावाचं एक काळं, लाल गालाचं, जरा बावळट दिसणारं अस्वल निघालं, खरं नव्हे, मॅस्कॉट, म्हणजे प्रचारासाठी काढलेलं चित्र आणि त्याचा सूट घालून फिरणारं पात्र, ते सरकारी नोकरीला लागलं, आणि त्याच्या चित्राच्या वस्तूंची वर्षाची विक्री १०,००० कोटी येनच्या पुढे गेली.

मॅस्कॉट म्हटलं की आपल्याकडे लगेच 'क्यूट आहे म्हणून चाललं' असं म्हणून विषय संपवतात. मला ते पटत नाही. क्यूट मॅस्कॉट जपानमधे पोत्याने मिळतात, गावाला एक, पोलिसांना एक, टॅक्स ऑफिसलाही एक. त्यातले बहुतेक दोन वर्षांत गोडाउनमधे धूळ खात पडतात. कुमामोनच्या बाबतीत वेगळं काय झालं ते बघायचं तर चित्रापेक्षा ऑफिसमधे काय काय ठरलं ते बघायला लागतं.

तर परिस्थिती अशी होती. कुमामोतो हे प्रीफेक्चर, म्हणजे कारभाराच्या उतरंडीत आपल्या राज्यासारखं म्हणा पण आकाराने पुणे जिल्ह्याच्या निम्मं, वस्ती त्यावेळी १८ लाखांच्या आसपास. शेती भरपूर, टोमॅटो, कलिंगडं, देकोपोन नावाची वर टेंगूळ असलेली संत्री, तातामी चटयांचं गवत, शिवाय आसोचा ज्वालामुखी आणि तो किल्ला. आणि १२ मार्च २०११ ला क्युशू शिनकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, पूर्ण सुरू होणार होती. दक्षिणेकडचा कागोशिमापासूनचा तुकडा २००४ पासूनच चालू होता, आता उत्तरेला हाकातापर्यंत जोडला जाणार आणि मग ओसाकाहून थेट गाडी, कुमामोतोपर्यंत तीनेक तासात. बाकी कोणालाही वाटेल की वा, सोन्याचे दिवस आले. पण तिथल्या लोकांच्या पोटात गोळा आला होता, कारण गाडीच्या एका टोकाला हाकाता म्हणजे फुकुओकासारखं मोठं शहर, दुसऱ्या टोकाला कागोशिमा, आणि कुमामोतो मधे. टोकाच्या स्टेशनवर लोक उतरतातच, मधल्या स्टेशनवर कशाला उतरतील? उलट कुमामोतोचीच माणसं खरेदीला अर्ध्या-पाऊण तासात हाकाताला पळतील ही भीती. जलद गाडी आली की मधलं गाव ओस पडतं हे जपानने आधी बघितलेलं होतं.

त्यात तिजोरीत खडखडाट. २००८ मधे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले काबाशिमा इकुओ (जपानमधला गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, निवडून येतो, म्हणजे मुख्यमंत्रीच म्हणा) यांनी आल्या आल्या स्वतःचा पगार महिन्याला १० लाख येनने कापून घेतला होता, १२ लाख ४० हजारावरून २ लाख ४० हजारावर. माणूसही मजेशीर, सुरुवातीला शेतकी सहकारी संस्थेत नोकरी, मग अमेरिकेत जाऊन शेतीचं शिक्षण, हार्वर्डची डॉक्टरेट, टोकियो युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्राचे प्रोफेसर, आणि मग हे. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, 'बशा फोडा'. म्हणजे जो जास्त बशा धुतो त्याच्या हातून जास्त फुटतात, तेव्हा फुटायच्या भीतीने सिंकपासून लांब उभे राहू नका. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं ह्या एका वाक्याच्या जोरावर झालं असं मला वाटतं. सरकारी ऑफिसात वरचा माणूस असं बोलून मग खरंच पाठीशी उभा राहतो हे किती ठिकाणी होतं?

ह्या गाडीच्या निमित्ताने कुमामोतोचा प्रचार करायचा ठरलं, आणि त्या मोहिमेचा सल्लागार म्हणून कोयामा कुंदो यांना घेतलं, हे कुमामोतोच्याच आमाकुसाचे, टीव्ही-सिनेमाचे लेखक. त्यांची कल्पना 'कुमामोतो सरप्राइज', म्हणजे बाहेरच्यांना काय विकायचं ते नंतर, आधी स्थानिक लोकांनी आपल्याच गावात चकित होण्यासारखं काय आहे ते शोधावं. ह्याचा लोगो करायला त्यांनी मिझुनो मानाबु या डिझायनरला सांगितलं. फक्त लोगो. मिझुनोंनी लोगो दिला आणि वर न मागितलेलं एक अस्वलही दिलं, भाजीवर कोथिंबीर फुकट देतात तसं. अस्वल काळं, तिथल्या काळ्या किल्ल्यासारखं, गाल लाल, ज्वालामुखीपासून टोमॅटोपर्यंत जे लाल आहे ते सगळं त्यात आलं, आणि डोळे वटारलेले, कारण ते सरप्राइजच आहे, स्वतःच चकित झालेलं. नाव कुमामोन, तिथल्या बोलीत 'कुमामोतो-मोन' म्हणजे कुमामोतोवाला. आपल्याकडे 'कोल्हापूरकर' म्हणतो ना, तसं.

सुरुवातीचा सूट बघितलात तर हसाल, एकदम बारीक, गुडघे-कोपरं दिसतील असा. आत्ता जे गोलमटोल दिसतं ते नंतर भरलेलं अंग. म्हणजे पहिल्या दिवशीच परफेक्ट काहीतरी आलं असं अजिबात नाही.

आता खरा निर्णय. प्रचार कुठे करायचा तर ओसाकात, कारण तिथूनच गाडी भरायची होती. पण ओसाकात मोठे होर्डिंग लावायला पैसे नाहीत. मग ह्यांनी अस्वलाला तसंच रस्त्यावर सोडलं. २०१० च्या शरदात ते ओसाकाच्या गर्दीच्या चौकांत नुसतं उभं राहायचं, कुठलं, कोणाचं, काही सांगायचं नाही. लोकांनी फोटो काढायचे आणि विचारायचं हे कोण बुवा? ओसाकाचे लोक तसेही गप्पिष्ट आणि आगाऊ म्हणून जपानभर प्रसिद्ध, त्यामुळे जागा अचूक निवडली. मग त्याला हंगामी कर्मचारी म्हणून नेमलं आणि काम दिलं, ओसाकात १०,००० विझिटिंग कार्डं वाटून ये. आणि मग ते गायब झालं! म्हणजे कथा अशी की ओसाकाच्या मोहात पडून साहेब ड्युटी सोडून पळाले. गव्हर्नरने खरीखुरी प्रेस कॉन्फरन्स घेतली, गंभीर चेहऱ्याने, की आमचा कर्मचारी हरवलाय, दिसला तर कृपया ट्विटरवर कळवा. आणि लोकांनी कळवलं. शोधण्याच्या नादात लाखो लोकांना अस्वलाबरोबर कुमामोतो हे नावही पाठ झालं. पुढे योशिमोतो या ओसाकाच्या कॉमेडी कंपनीच्या विनोदी नाटकात अस्वल स्टेजवर गेलं आणि त्याच्याबरोबर गव्हर्नरही. एक हार्वर्डवाला प्रोफेसर, निवडून आलेला, ओसाकाच्या फार्सात उभा. बशा फोडा म्हणजे काय ते इथे कळतं.

(१२ मार्चला गाडी सुरू झाली ती अर्थात कुठल्याही समारंभाशिवाय. आदल्या दिवशी, ११ मार्चला ईशान्य जपानमधे तोहोकूचा भूकंप आणि त्सुनामी आली होती, सगळे कार्यक्रम रद्द. पण १२ मार्च हाच कुमामोनचा वाढदिवस म्हणून राहिला.)

२०११ मधे दोन गोष्टी झाल्या. एक, हंगामीचं प्रमोशन होऊन अस्वल सेल्स मॅनेजर झालं, गव्हर्नर आणि उपगव्हर्नरच्या खालोखालचं पद म्हणतात. दोन, गावोगावच्या मॅस्कॉटच्या त्या वर्षीच्या 'युरु-क्यारा ग्रँड प्रिक्स' या स्पर्धेत ऑनलाइन मतदानात पहिलं आलं. युरु-क्यारा हा अशा मॅस्कॉटसाठीचा शब्द मिउरा जुन या लेखकाचा, 'युरुई' म्हणजे सैल, ढिलं. त्याने तीन अटी सांगितल्या होत्या: आपल्या गावावरचं जबरदस्त प्रेम दिसलं पाहिजे, हालचाल डळमळीत किंवा विचित्र पाहिजे, आणि एकूण बघून माया वाटेल असा ढिलेपणा पाहिजे. म्हणजे चकाचक कॉर्पोरेट मॅस्कॉटच्या नेमकं उलट.

आता मला ज्या मुद्द्यावर रेंगाळायचंय तो हा, की त्याला नोकरी दिली. ऐकायला फालतू वाटतं पण फरक प्रचंड आहे. आपल्याकडचा गट्टू आठवा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मधे काढलेला एशियन पेंट्सचा, हातात ब्रश, कपाळावर केसांची बट. किती गोड होता, पिढ्यांना लक्षात आहे. पण गट्टू डब्यावरच राहिला. त्याला बॉस नव्हता, टार्गेट नव्हतं, त्याची चूक होऊ शकत नव्हती. कुमामोनची चूक होते. २०१३ मधे त्याचे लाल गाल टोकियोत हरवले आणि परत गव्हर्नरची प्रेस कॉन्फरन्स, आणि गाल शोधता शोधता कुमामोतोचे टोमॅटो, स्ट्रॉबेरी, लाल गाईचं मटण असं सगळं लाल सामान लोकांच्या डोळ्यापुढून गेलं. २०१५ मधे त्याला वजन कमी करायला सांगितलं, झालं नाही, म्हणून चक्क डिमोशन, सेल्स मॅनेजरचा काही दिवस प्रभारी झाला. ज्याचं डिमोशन होतं त्याच्याबद्दल आपल्याला वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की बातमी होते, आणि बातमीला पैसे पडत नाहीत.

त्याचं ऑफिसही आहे, कुमामोतो शहरात त्सुरुया डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत 'कुमामोन स्क्वेअर', २०१३ ला उघडलं, तिथे त्याचं टेबल-खुर्ची आहे आणि लोक साहेब जागेवर आहेत का बघायला जातात. बोलत मात्र कधीच नाही. आत कोण आहे हा प्रश्न सुद्धा अधिकृतपणे अस्तित्वात नाही. ऑक्टोबर २०१३ मधे सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको कुमामोतोला आले तेव्हा मिचिकोंनी फार हळुवारपणे विचारलं, कुमामोनसान, आपण एकटेच का? बिचाऱ्यांना विचारायचं होतं की एकच माणूस आत असतो का बदलतात, पण अस्वलाला न दुखावता. देशाची सम्राज्ञी जो नियम पाळते तो बाकीचे पाळतातच.

दुसरा मोठा निर्णय पैशाचा. प्रीफेक्चरने मिझुनोंकडून हक्क विकत घेतले आणि मग जाहीर केलं की जपानमधल्या कोणीही हे चित्र फुकट वापरावं. रॉयल्टी शून्य. काबाशिमांनी ह्याला उपमा दिली ओदा नोबुनागा या सरदाराच्या 'राकुइची राकुझा'ची, सोळाव्या शतकात त्याने बाजारपेठा खुल्या केल्या, व्यापाऱ्यांवरचे कर आणि मक्तेदाऱ्या उठवल्या, ते धोरण. पण फुकट म्हणजे मोकाट नाही हं. अर्ज करायचा, परमिट नंबर घ्यायचा, तो मालावर छापायचा, आणि अट अशी की त्यातून कुमामोतोचा प्रचार झाला पाहिजे, खाण्याचा पदार्थ असेल तर कुमामोतोचा कच्चा माल वापरलेला पाहिजे. म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीला पाकिटावर अस्वल हवं असेल तर तिला देकोपोन कुमामोतोच्या शेतकऱ्याकडून घ्यावेच लागतात. इथे रॉयल्टी न घेता त्यांनी रॉयल्टीच घेतली, फक्त ती सरकारी तिजोरीत न जाता थेट बागायतदाराकडे गेली. हे डोकं मला फार आवडलं.

आणि कंपनीच्या बाजूनेही बघा. तिला फुकटात एक ओळखीचा चेहरा मिळतो ज्याची बातमी रोज दुसरंच कोणीतरी करतंय. प्रत्येक बिस्किटाचा पुडा, प्रत्येक टॉवेल ही कुमामोतोची जाहिरात, आणि छपाईचा खर्च कंपनीचा. ओसाकात होर्डिंगला पैसे नव्हते त्या प्रीफेक्चरचं होर्डिंग आता देशातल्या प्रत्येक दुकानाच्या शेल्फवर.

आकडे: २०१२ मधे कुमामोनच्या वस्तूंची विक्री २,९३० कोटी येन, २०१३ मधे ४,४९० कोटी, २०१५ मधे १०,००० कोटीच्या वर. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीने २०१३ मधे कुमामोन टेडी काढला, १,५०० नग, ऑनलाइन ५ सेकंदात संपले. बँक ऑफ जपानच्या कुमामोतो शाखेने नोव्हेंबर २०११ ते ऑक्टोबर २०१३ ह्या दोन वर्षांचा आर्थिक परिणाम मोजला तो १२,००० कोटी येनच्या वर भरला. मध्यवर्ती बँकेची शाखा एका अस्वलाचा हिशोब करत बसलीये, हे चित्रच भारी आहे.

पण जरा थांबा, कारण हे आकडे लोक फार उत्साहाने फिरवतात. विक्री म्हणजे प्रीफेक्चरची कमाई नाही, एक येन रॉयल्टी नाही हे आत्ताच बघितलं. हे आकडे परमिट घेतलेल्या कंपन्यांना विचारून गोळा केलेले. आणि ज्याने अस्वलाचं बिस्किट घेतलं त्याने नाहीतर दुसरं बिस्किट घेतलंच असतं की, मग वाढ किती आणि नुसती पाकीटबदल किती? त्यामुळे मी यशाचा पुरावा म्हणून विक्रीपेक्षा दुसरी गोष्ट धरतो, की टोकियो-ओसाकातल्या माणसाला नकाशावर कुमामोतो दाखवता यायला लागलं, जे २०१० मधे होत नव्हतं.

मोफत देण्याआधी हक्क पूर्ण विकत घेणं किती महत्त्वाचं हे कळायला हिकोने शहराचं मांजर बघावं. हिकोन्यान, पांढरं मांजर, डोक्यावर तिथल्या इई या सरदार घराण्याचं लाल शिरस्त्राण, २००७ मधल्या हिकोने किल्ल्याच्या ४०० व्या वर्षासाठी काढलेलं. युरु-क्यारांची लाट खरी त्याच्यापासून सुरू झाली. पण मूळ चित्रकार आणि शहर प्रशासन यांच्यात मांजर कसं वापरायचं, त्याच्यासारखं दुसरं मांजर कोणी विकायचं यावरून वाद झाले आणि कोर्टकचेऱ्या अनेक वर्षं चालल्या. नारा या जुन्या राजधानीचा मॅस्कॉट सेंतो-कुन तर जाहीर झाला २००८ मधे आणि लोक भडकलेच, बाळाच्या डोक्यावर हरणाची शिंगं काय, लोकांनी निषेध म्हणून स्वतःचा वेगळा मॅस्कॉटच काढला. त्या भांडणाने सेंतो-कुन प्रसिद्ध झाला ही गोष्ट वेगळी.

आणि नोकरी देण्याची आयडिया कुमामोतोने शोधली असंही नाही. महाराष्ट्र सरकारने २०१३ मधे ज्या वाकायामाबरोबर पर्यटनाचा करार केला ना, त्याच वाकायामात किशी नावाच्या छोट्या स्टेशनवर जानेवारी २००७ मधे तामा नावाच्या खऱ्या मांजरीला स्टेशनमास्तर केलं होतं, टोपी वगैरे घालून, पगार म्हणून खाणं. बंद पडायला आलेली लाइन तिच्यामुळे तगली. २०१५ मधे ती गेली तेव्हा तिला निरोप द्यायला हजारो लोक आले. पण खरी मांजर म्हातारी होते. सूट होत नाही.

मग आला एप्रिल २०१६. १४ तारखेला रात्री ६.५ रिश्टरचा धक्का, सगळ्यांना वाटलं हाच मुख्य, आणि १६ ला पहाटे ७.३. किल्ल्याच्या भिंती ढासळल्या, छपरावरची कौलं पडली, माशिकी गावात तर दोन्ही वेळा जपानी मोजमापातला सर्वात वरचा, ७ चा हादरा. कुमामोनचं ट्विटर अकाउंट गप्प झालं. सगळे कार्यक्रम बंद. आणि इथे मॅस्कॉटचा खरा अवघड प्रश्न उभा राहतो, की माणसं मेलीयत, हजारो लोक शाळांच्या हॉलमधे झोपतायत, तिथे नाचणारं अस्वल न्यायचं का? नेलं तर असभ्य, नाही नेलं तर एवढे दिवस 'आमचा कर्मचारी' म्हणून मिरवलेला कुठे गेला असं लोक विचारणार. आणि विचारलंच, मुलांनी विचारलं. मधल्या काळात मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकारांनी आणि साध्या लोकांनीही आपापल्या हाताने कुमामोन काढून 'कुमामोन, धीर धर' म्हणत पोस्ट करायला सुरुवात केली. म्हणजे बघा, कुमामोतोच्या लोकांना धीर द्यायचा होता आणि तो लोक अस्वलाला देत होते. एखाद्या कंपनीच्या लोगोला कोणी धीर दिलेला ऐकलाय?

तीन आठवडे थांबून, ५ मेला, म्हणजे जपानच्या बालदिनाला, अस्वल निशिहारा गावात भूकंपग्रस्त मुलांना भेटायला गेलं. मला वाटतं ह्या तीन आठवड्यांच्या थांबण्याला फार कमी श्रेय मिळतं. मार्केटिंगच्या माणसाचे हात शिवशिवले असते. त्यांनी ढिगारे उपसायचे दिवस जाऊ दिले, मग पोरांचा सण निवडला. त्या वर्षी मदतनिधीच्या कामांसाठी चित्र वापरायचे नियमही सैल केले, आणि वर्षाची विक्री १२,००० कोटी येनच्या पुढे गेली, कारण लोकांना कुमामोतोला मदत करायची होती आणि हातात धरायला एक वस्तू तयार होती.

एक गाठ मात्र नीट सुटलेली नाही असं माझं मत. देशात फुकट हे गणित चाललं कारण देशातली कंपनी कुमामोतोचा टोमॅटो घेऊ शकते. परदेशातल्या कंपनीला टी-शर्टवर अस्वल हवंय, तिला टोमॅटोशी काय घेणं? चीन, तैवान, हाँगकाँगमधे अस्वल तुफान चाललं आणि नकली मालही तितकाच. २०१८ पासून परदेशी कंपन्यांना परवानगी खुली केली पण तिथे रॉयल्टी लावली. बरोबरच आहे, पण मग तिकडे कुमामोन हे बाकी कुठल्याही लायसन्सवाल्या कार्टूनसारखं एक कार्टून होतं, आणि टी-शर्ट घालणाऱ्या पोराला कुमामोतो हे गाव आहे हे माहीत असेलच असं नाही.

एप्रिल २०२४ मधे काबाशिमा चार टर्म पुऱ्या करून पायउतार झाले आणि किमुरा ताकाशि नवे गव्हर्नर आले. सेल्स मॅनेजरची बदली झाली नाही.